गनल आणि गनवेल

आमच्या गावाचं नाव इंग्रजीत लिहितात माउसहोल आणि म्हणतात मावझल. मग होडीच्या शब्दांनी तरी सरळ का वागावं? होडीचा वरचा काठ लिहिताना गनवेल, बोलताना गनल. पुढची झोपायची खोली लिहायची फोरकॅसल, म्हणायची फोक्सल. आम्ही पोरं हे चालायच्या आधी शिकलो.

माझा भाऊ पेरान मात्र पुस्तकातून शिकला. लहानपणी तीन वर्षं अंथरुणाला खिळला होता बिचारा. बरा झाला तो थेट धक्क्यावर गेला आणि म्हणाला, "गनवेल नवा रंगवलात वाटतं!"

अख्खा धक्का खो-खो हसला. "आले पंडित!" जोरी म्हणाला. तेव्हा जोरी माझा नवरा झाला नव्हता.

हसण्यात मीही होते. एकविसाव्या वर्षी पेरान जोरीबरोबर पहिल्यांदा बांगडे धरायला निघाला, तेव्हा दारात मी म्हटलं, "आधी बोलायला शीक, मग समुद्रावर जा." ऐकायला आम्ही दोघंच होतो. त्या दुपारी धुक्यातून जोरी एकटा परतला. ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं जीव जळतोय.

गेल्या ऑक्टोबरात भर दुपारी तसंच धुकं उतरलं. जोरी एकटाच बाहेर होता. धक्क्यावर ओल्या दोरांचा वास, पाण्याचा आवाजसुद्धा नाही. देवा, याला तरी परत आण, एवढंच म्हणत मी उभी होते.

होडी आली. जोरीनं दोर फेकला. समुद्र सपाट, तरी हा नखशिखांत भिजलेला.

"कुठं होतास रे? जीव टांगणीला लागला होता माझा!"

"आलो ना," तो म्हणाला.

घरी चहा ठेवला, केशरी पाव कापायला घेतला. शेगडीपाशी बसून तो म्हणाला, "फोरकॅसलमध्ये पाणी शिरलंय."

"चेष्टा पुरे. फोक्सल."

"गनवेलही तडकलाय."

माझी सुरी थांबली.

"आता तरी बोलायला शिकलो का गं, लोवेना?"

चेहरा जोरीचा होता. मला रडू फुटलं, आणि खोटं कशाला सांगू, आनंदानं फुटलं. मी त्याचा गार हात घट्ट धरला.

खिडकी उघडी होती. धक्क्यापलीकडून, धुक्यातून हाक आली. आवाज जोरीचा.

"लोवेना! गनल सुटतोय गं हातातून!"

"खिडकी लाव," समोरचा म्हणाला. "गारठा येतोय."

मी उठले आणि खिडकी लावली.