श्वासाकडे बघा

ते साल एकोणीसशे एकाहत्तर. मी बावीस वर्षांची, एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होते. वकीलसाहेबांना नाटकाचं भारी वेड. त्यांच्या हौशी मंडळाच्या नव्या नाटकाची प्रत मीच टाइप केली आणि एका संध्याकाळी ती द्यायला शाळेच्या हॉलवर गेले. दारात एक उंच तरुण खांबाला दरडावत होता, "सांग, कोण होता तो?"

"मी नाही हो पाहिलं," मी घाबरून म्हटलं.

तो वळला आणि असा काही हसला, की... जाऊ दे.

तो नाटकातला राजा. दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. नाटक जुनंच, शोकांतिका. राजाचा जिवलग मित्र त्याच्या कानात राणी आणि सेनापतीविषयी विष ओततो आणि राजा निर्दोष राणीचा जीव घेतो. नेमकी प्रॉम्प्टरला कावीळ झाली होती. वकीलसाहेब म्हणाले, "पोरी, तूच टाइप केलंयस ना? मग बस विंगेत."

पहिल्याच तालमीत राजे मध्येच थांबले. मी लगेच वाक्य पुरवलं.

"अहो, विसरलो नव्हतो. थांबलो होतो!"

"मला कसं कळायचं?"

"श्वासाकडे बघा. विसरलो की माझा श्वास अडकतो. खांदे हलत असले, तर समजा राजा विचार करतोय."

"म्हणजे नाटकभर तुमच्याकडेच बघत बसू?"

"कुणी अडवलंय?"

बघत बसले. दोन महिने. वाचताना मी डोळे बारीक करते, हे त्यानंच हेरलं. चष्मा करून आणला, स्वतःच्या हातानं माझ्या कानांमागे बसवला. बोटं गार होती त्याची. "आता नीट दिसतोय का मी तुला?" म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला! मग हळूच — "शेवटचा प्रयोग झाला की रविवारी घरी येतो. तुझ्या वडिलांना भेटायला."

नाटकात मित्राचं काम करायचा त्याला सगळे गोड्या म्हणायचे. 'ताई, ताई' करत मला चहा आणून द्यायचा. तिसऱ्या प्रयोगाला शेवटच्या अंकाआधी तो समोरच्या विंगेत राजाच्या कानाशी लागलेला मला दिसला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

अंक सुरू झाला. राजा राणीच्या उशाशी आला आणि थांबला. खांदे जोरजोरात वरखाली होत होते. वा, आज काय काम करतोय! मी वाक्य ओठांतच धरून ठेवलं. शांतता लांबली. कुणीतरी खाकरलं. मग हशा पिकला. शेवटी झोपलेल्या राणीनं एक डोळा उघडून त्याचं वाक्य त्याला सांगितलं.

"मुद्दाम गप्प राहिलात ना?" रंगपटात तो म्हणाला. पुन्हा 'तुम्ही'.

"तुमचे खांदे हलत होते!"

"रागानं हलत होते. सेनापतीला बरं तोंड उघडायच्या आत वाक्य मिळतं?"

"त्या बिचाऱ्याला पाठच होत नाही हो!"

"गोड्या म्हणतो ते खरंच म्हणायचं. माझ्यामागे दोघं हसता माझ्यावर."

मी नाटकाची प्रत मिटली आणि घरी आले.

नाटकातल्या राणीला खुलाशाला सवडच मिळत नाही. मला शेवटच्या प्रयोगापर्यंत आठ दिवस होते. पण मी त्या दुकानाकडे फिरकले नाही. वाटायचं, संशय त्यानं घेतला, तर यायचंही त्यानंच. शेवटचा प्रयोग आम्ही एकमेकांशी एक शब्द न बोलता पार पाडला. रविवारी आई म्हणाली, "कुणी यायचंय का गं? चारदा चादर बदललीस." कुणीच आलं नाही.

वकीलसाहेब पुढे न्यायाधीश झाले. राणीनं सेनापतीशी लग्न केलं. त्याला अजूनही काही पाठ होत नाही म्हणते. गोड्या तीस वर्षांनी दवाखान्याच्या रांगेत भेटला. "ताई, मीच त्याचे कान भरले होते. तुझ्याशी माझं काही वाकडं नव्हतं गं. मला राजाचं काम हवं होतं." तेही त्याला मिळालं नाही.

राजानं दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान काढलं होतं. त्याला दोन मुली झाल्या. मी त्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं — "मला ते त्याच आठवड्यात कळलं होतं. सेनापती येऊन भांडून गेला. त्या रविवारी तुमच्या घराखाली तासभर उभा होतो. वर यायला तोंड नव्हतं." पुढच्याच वर्षी तो गेला.

आमचे हे पोस्टात होते, फार मितभाषी. आता तेही नाहीत. ते पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं. चष्मा पुसत ते म्हणाले, "एकदा खिडकीतून खाली तरी बघायचंस."