बुधवारचा डोस

जेवणं उरकली की कमलाकरकाकांच्या ओट्यावर पोरं जमतात. परवा प्रितेशने विचारलंच, काका, तुम्ही खरंच कधी काही पाहिलंय का? काका म्हणाले, मी नाही रे, पण आमच्या काशिरामने पाहिलंय, आणि काशिराम थापा मारणारा माणूस नव्हे. मग त्यांनी शाल कानांवरून घेतली आणि सुरुवात केली.

काशिरामचं गव्हाणला किराणा दुकान. टीबीच्या औषधाचे डबे तेव्हा सरकारी दवाखान्यातून पेशंटच्या नावाने यायचे आणि गावातल्याच कोणा भरवशाच्या माणसाकडे ठेवले जायचे. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी पेशंटने त्याच्याकडे जायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत डोस घ्यायचा. कुंदनचा डबा काशिरामकडे होता. कुंदन म्हणजे काशिरामची बहीण दमयंती, तिचा एकुलता एक मुलगा. पोरगं बिलंदर. लाल कॅप्सूलने मळमळतं म्हणून ती जिभेखाली दडवायचा आणि बाहेर जाऊन थुंकायचा. काशिरामने एकदा पकडलं आणि तेव्हापासून नियमच केला. पाणी प्यायलं की आ करायचा, जीभ वर करायची.

"मामा, दात पन मोजून घ्या," कुंदन चिडवायचा. पण ऐकायचा. खोकला उतरला, गालांवर मांस दिसू लागलं.

दिवाळीनंतर क्रिकेटच्या मॅचवरून मारामारी झाली आणि कुंदन आत गेला. कुठल्या जेलात, ते नाव नको. जामीन काही होईना. डबा दुकानाच्या फळीवर तसाच.

काशिराम डबा घेऊन फाटकावर गेला. तिथे म्हणाले, बाहेरचं औषध आत जात नाही, दवाखान्याचं पत्र आणा. दवाखान्यात म्हणाले, आम्ही परस्पर देऊ शकत नाही, जेलच्या डॉक्टरने मागायला पाहिजे. आणि जेलमधली डॉक्टरची जागा रिकामी. जेल गृहखात्याचं, औषध आरोग्यखात्याचं. माणूस तोच, पण फाटकाच्या आत गेला की त्याचं खातं बदलतं. काशिराम हेलपाटे घालत राहिला. एका भेटीत जाळीपलीकडून कुंदन पुन्हा खोकताना दिसला. जाताना एवढंच म्हणाला, "मामा, डबा परत नका देव. मी येतो."

२०११ सालची पौष अमावास्या. वार बुधवार. काशिराम डबा घेऊन पुन्हा जेलवर गेला होता. त्या दिवशी भेटसुद्धा मिळाली नाही. कैदी आजारी आहे, उद्या या, म्हणाले. दिवस बुडेपर्यंत तो फाटकासमोर बसून राहिला आणि मग स्कूटरला किक मारली.

खाडीच्या रस्त्याला लागला तेव्हा काळोख पडला होता. पूल आला आणि गाडी एकाएकी जड झाली. मागे कोणी बसलं की होते तशी.

मग खोकला ऐकू आला. अगदी पाठीशी.

काशिरामने मान वळवली. सीट रिकामी...

घरी आला. दुकान उघडलं, डबा फळीवर ठेवला, दिवा लावला. वळून पाहतो तर पायरीवर कुंदन.

"सुटलास?"

कुंदनने फळीवरच्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मामा... आज बुधवार हाय ना?"

काशिरामने डोस फोडला. तळहातावर ठेवला. बोटांना बोटं लागली. गार... माठाखालच्या ओल्या फरशीसारखी. कुंदनने गोळ्या तोंडात टाकल्या. पाणी प्यायला. आणि उभा राहिला. तोंड मिटून. वाट बघत.

आता काशिरामने म्हणायचं होतं, आ कर.

त्याने मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा...

पायरी रिकामी होती.

सकाळी जेलमधून फोन आला. कुंदन काल दिवस मावळताना बराकीतच वारला. म्हणजे काशिराम तेव्हा फाटकासमोरच बसलेला होता.

शुक्रवारी पोरगा घरी आणला. मुखात तुळशीपत्र ठेवायचं, ते दमयंतीने काशिरामच्या हातात दिलं. ती म्हणाली, "दादा, तू ठेव." काशिराम वाकला. ओठ उघडले. आणि इतक्या महिन्यांची सवय, त्याने जीभ जराशी वर केली.

जिभेखाली लाल कॅप्सूल होती. कोरडी.

काका थांबले. प्रितेश हळूच म्हणाला, जेलमध्ये दिली असेल कोणी. काका म्हणाले, जेलमध्ये मिळत असती तर काशिराम डबा घेऊन दारोदार का फिरला असता रे?

काकांनी शाल पुन्हा कानांवर ओढली.

ती कॅप्सूल काशिरामने मुठीत लपवली, बहिणीला दिसू दिली नाही. डबाही त्याने परत केला नाही. अजून फळीवर आहे. आतल्या बाकीच्या गोळ्यांची कधीच भुकटी झाली, काका म्हणाले. ती एक तेवढी...

तशीच आहे. लाल.