भंगाराला गोधडी

"हळू, हळू! आपटू नका!" महिपतशेठ जीपपाशी उभा राहून ओरडत होता.

पूनमने धाकट्या भावाला, साहिलला, कोपराने ढोसलं. वाडीवरच्या शाळेचे चारही कॉम्प्युटर शेजारच्या ठकूबाईकडून मागून आणलेल्या गोधड्यांत गुंडाळून जीपमध्ये चढत होते. दुरुस्तीला पोलादपूरहून आलेल्या या शेठने सकाळीच सांगून टाकलं होतं, "हार्ड डिस्क मेल्या. सगळं भंगार! मीच उचलून नेतो." आणि गुरुजींनी मान डोलावली होती, एकही मशीन समोर सुरू करून न बघता!

पूनमचा जीव तीळतीळ तुटत होता. तिचे बाबा भागोजी मुंबईत एका कचेरीत शिपाई होते. कचेरीने काढून टाकलेली ही मशीनं त्यांनी साहेबांच्या विनवण्या करून शाळेसाठी मिळवली होती. आता सगळी वाडी म्हणणार, भागोजीने कचरा आणला!

"साहिल, भंगार कुणी गोधडीत गुंडाळतं का रे?"

"नाय!" साहिलचे डोळे चमकले.

"मग पळ! ठकूबाईला सांग, तुझ्या गोधड्या चालल्या पोलादपूरला!"

ठकूबाई पदर खोचूनच आली. "माझ्या गोधड्या काढ आधी! भंगाराला अंथरूण कशाला रे, मुडद्या?"

"अहो आजी, घाटात धक्क्यांनी बिघडतील ना!" शेठ बोलून गेला.

"बिघडतील? मेल्यात म्हणालात ना?" पूनमने टोला हाणला.

गुरुजींनी चष्मा सारखा केला. "एक मशीन खाली घ्या," ते म्हणाले.

आता सगळी भिस्त अनुपमावर होती. पूनमची ही चुलत बहीण सुट्टीला डोंबिवलीहून आली होती, कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीची सीडी घेऊन. तिने सीडी घातली. पडदा काळाच!

"बघा!" शेठ हसला.

"थांबा हो! इतकी जुनी मशीनं सीडीवरून सुरू होत नाहीत." अनुपमाने पिशवीतून फ्लॉपी काढली. "म्हणून सीडीतच अशी फ्लॉपी बनवायचं साधन देतात. काकांनी मशीनं जुनी आहेत म्हटलं होतं, मी बनवूनच आणली."

"हे चोरीचं नाही ना गं?" गुरुजींनी विचारलं.

"छे! लिहिणाऱ्यांनीच सगळ्यांना वापरायला नि वाटायला दिलंय."

"आपण नाचणीचं बियाणं देतो तसं!" ठकूबाईला लगेच कळलं.

फ्लॉपी घरघरली. पडद्यावर ओळी धावू लागल्या. मग मशीनने विचारलं, लिनक्स कोणत्या डिस्कवर बसवू?

"सापडली! डिस्क धडधाकट हाय!" पूनम किंचाळली.

"जरा... घाईत तपासलं," शेठ पुटपुटला आणि जीपकडे वळला. पण तिथे ठकूबाई कंबरेवर हात ठेवून उभी! उरलेली तीनही मशीनं शेठने मुकाट्याने स्वतः उतरवली.

संध्याकाळपर्यंत चारही पडदे उजळले. गुरुजींनी सरपंचांच्या घरून मुंबईला फोन लावला. "भागोजी, मी डोळे झाकून विश्वास ठेवला, पण तुझ्या पोरीने नाही. शाळेची लाज राखली तिने!"

त्यांनी फोन पूनमच्या हाती दिला. पलीकडून बाबांचा आवाज आला.

"चालू झाले गो? रोज पुसायचो मी ते. चालवायला कधी मिळालं नाय."

"गणपतीला ये, बाबा. पहिली खुर्ची तुझीच! मी शिकवीन!"