पन्नास किलो जास्त

तुम्ही विश्वास ठेवा, न ठेवा. वजनकाट्याची ती पावती मी माझ्या डोळ्यांनी वाचली आहे.

साल १९७४. सोलापूर, भवानी पेठ. मे महिना. आणि रात्र नाही... भर दुपार.

माझे वडील गुरुबसप्पा, आमचे अप्पा, कापडाचे व्यापारी. त्यांनी एक जुनी स्पोर्ट्स गाडी घेतली. लाल, बुटकी, दोनच दारांची. सहा हजारांना. पैसे माझ्या लग्नासाठी ठेवलेले.

"दोन महिन्यांत पुण्याला नऊ हजाराला विकतो," ते म्हणाले. "जुनी गाडी घेताना विकायची किंमत आधी बघायची असती."

मेकॅनिक धर्मपालनं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"शेठ, ही डावीकडं बसलीया. दोन वर्षांत तीन मालक झालं. बारा हजार, नऊ, आता सहा. एवढी का उतरली, इचारलं का?"

"स्प्रिंग बदल. किंमत आपोआप चढती."

त्यानं स्प्रिंग बदलली.

सकाळी गाडी पुन्हा डावीकडं झुकलेली.

परत बदलली. परत तेच.

मग आवाज सुरू झाला. अप्पा गाडीत बसले की त्यांची सीट करकरायची. थोडा वेळ शांत... आणि मग शेजारची सीट करकरायची.

तिथं कुणी नसायचं.

मी त्या सीटवर एकदाच बसले. बाहेर अंगाची लाही होत होती. गादी मात्र गार... आणि आधीच दबलेली.

मी किंचाळत उतरले.

गिऱ्हाइकं यायची. बॉनेट उघडायची, इंजिन ऐकून खूश व्हायची. डावं दार उघडलं की ते लावून निघून जायची. कारण कुणीच सांगितलं नाही. अप्पा उतरत गेले. साडेपाच, चार, दोन हजार... तरी कुणी घेईना.

शेवटी गाडी भंगारात काढली. ऐंशी पैसे किलो.

गाडीच्या कागदावर रिकामं वजन लिहिलेलं होतं, सातशे ऐंशी किलो. टाकी रिकामी केली. आत काहीही ठेवलं नाही.

काट्यावर भरली आठशे तीस.

भंगारवाल्यानं पुन्हा तोलली. आठशे तीसच.

"अप्पा, हे पन्नास किलो कशाचे?" मी विचारलं.

अप्पांनी आठशे तीस किलोचे सगळे पैसे मोजून घेतले.

घरी अव्वानं, माझ्या आईनं, ते ऐकलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

"त्या पन्नास किलोचं पैसं कशाला घेतलं वो?"

चौथ्या दिवशी भंगारवाला दारात उभा. ओठ सुकलेले.

"शेठ, गाडी तोडली. तुकडा न तुकडा तोलला. सातशे ऐंशीच भरलं. माझे चाळीस रुपये परत द्या."

अप्पा एका रुपयासाठी तासभर हुज्जत घालणारे. त्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं चाळीस रुपये काढून दिले.

तो गेला तशी अव्वा भिंतीला टेकून खालीच बसली.

"पैसं परत दिलं... मंजी माल आपल्याकडं परत आला की वो."

त्याच आठवड्यात माडीवरच्या खोलीतली रिकामी खाट करकरायला लागली. अव्वानं खोलीला कुलूप घातलं. माझं लग्न चार वर्षं लांबलं, पण त्या गाडीचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

आता अप्पा नाहीत, अव्वाही नाही.

परवा गंजलेलं कुलूप बदलायला मी माडीवर गेले. कुलूप काढलं. दार ढकललं...

आतून कुणीतरी पाठ टेकून बसल्यासारखं ते जड लागलं.

मी जोर लावला नाही.