नथीचे पाणी

भरतीगडाच्या पूर्वेकडच्या बुरुजावर उजाडत होते. ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांवर कालवे चिकटलेली दिसत होती, आणि त्यांच्यापलीकडे, खाडीच्या तोंडाशी, गडाला वेढा घालून बसलेल्या रुद्राजी काठ्याची गलबते उभी होती. त्यांच्याकडून एक मचवा पांढरे निशाण लावून दरवाजाशी आला. वकिलाने सदरेत किल्लेदार मानाजी दळव्यांपुढे तबक धरले. तबकात नथ होती.

"किल्लेदारसाहेबांच्या कबिल्याला आमच्या सरदारांनी माहेरच्या वाटेवर धरले आहे. खूण म्हणून बाईसाहेबांनी स्वहस्ते ही नथ उतरवून दिली. भरती चढण्याआधी गड खाली करावा. न केल्यास बाईसाहेबांची आशा सोडावी."

हवालदार पुढे आला. "साहेब, भिवाबाईसाहेबांच्या हातचं जेवलोय आम्ही. नथ त्यांची असेल तर दरवाजा उघडा. गड पुन्हा घेऊ."

"आधी बघू तर द्या," म्हातारे सबनीस विसाजीपंत म्हणाले.

"पंतांना मोती दिसला की दात शिवशिवतात," कोणीतरी पुटपुटले.

"हसा लेको! हिऱ्याला पैलू पाडावे लागतात, मोती जन्मतःच पुरा. कालवाच्या मऊ अंगात काही खुपतं, बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते आपल्याच अंगचा रस त्यावर थरावर थर चढवत बसतं. ते थर दाताला बारीक रेतीसारखे लागतात." पंतांनी मोती दातावर घासला आणि ते थुंकले. "काच! किल्लेदारांनी लग्नात घातलेले मोती बसऱ्याचे, हे साऱ्या मुलखाला ठाऊक. वकीलसाहेब, कुठल्या बटकीची नथ उचलून आणलीत?"

सदर खदखदून हसली.

मानाजींनी नथ पाहताक्षणीच ओळखली होती. सासरच्या मंडळींपुढे बसऱ्याच्या मोत्यांची बढाई त्यांनीच मारली होती, आणि ऐपत नव्हती म्हणून काचेचे मणीही त्यांनीच आणले होते. आता एक शब्द बोलले असते तर दरवाजा उघडला असता. शब्द जिभेवर आला. भोवताली सगळी माणसे त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी तो गिळला.

"वकिलांना मचव्यापर्यंत पोचवा."

लोकांना तो निर्धार वाटला. त्यांनी किल्लेदारांच्या नावाचा जयघोष केला, तेव्हा मानाजींना मान वर करवेना.

भरतीबरोबर हल्ला आला. मानाजी ढाल टाकून तटावर सर्वांपुढे उभे राहिले. बाजूची माणसे पडली, त्यांना मात्र गोळी शिवली नाही. गड राहिला. पुढे वारे फिरले, गलबतांना खाडीत टिकता येईना, आणि वेढा उठला.

सुटलेल्या कैद्यांबरोबर भिवाबाई चालत गडावर आल्या. सदरेतले हसणे वकिलाने सांगितल्यावर रुद्राजीने त्यांना मालकिणीचे सोंग घेतलेली बटीक ठरवून दळणाला बसवले होते. "बाईसाहेबांनी बटकीची नथ देऊन काय फसवलं!" असे पंत ज्याला त्याला सांगत सुटले.

आतल्या दालनात मानाजींनी त्या दिवशी ठेवून घेतलेली नथ त्यांच्यापुढे ठेवली.

"त्या दिवशी मी ओळखली होती."

"हो."

"आणि हे मोती..."

"लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी दाताला लावून पाहिले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"चारचौघांत आपलं पाणी गेलं असतं." भिवाबाई नथीची वाकलेली तार सरळ करू लागल्या. "त्यांनी खूण मागितली. आपल्या मुद्रेची अंगठी पदरात बांधलेली होती, ती दिली नाही. नथ दिली. पंत दाताला लावणार, हे ठरलेलंच."

"आणि मी खरं बोललो असतो तर?"

भिवाबाईंनी नथ नाकात घातली.

"गड गेला असता. पण आपण बोलणार नाही, याची मला खात्री होती."

सरकारातून मानाजींना मोत्यांचा कंठा आला. पंतांनी भर सदरेत तो दाताला लावला आणि खरा असल्याची ग्वाही दिली. मानाजींनी तो कधी गळ्यात घातला नाही. भिवाबाई सणावाराला नथ घालीत ती तीच. गड समजे, बसऱ्याची.