गोरसची पावलं

पिंजऱ्यातली पाण्याची बाटली बदलायची, एवढंच काम होतं. हर्षानं ती बदलली, दार लावलं असं तिला वाटलं, आणि ती लोणच्याच्या कैऱ्या चिरायला बसली. कैऱ्या चिरून उठली तेव्हा पिंजऱ्याचं दार सताड उघडं होतं आणि आत नुसता भुसा होता.

गोरस म्हणजे तिच्या मुलीचा, आचलचा हॅमस्टर. मुठीत मावेल एवढा जीव. रंग थेट गोरसपाक बिस्किटाचा, म्हणून आजोबांनी नाव ठेवलं गोरस. आजोबा म्हणजे हर्षाचे सासरे प्रभाकरराव. नातीसाठी त्यांनीच तो नागपूरहून आणला होता. तेव्हा सासूबाईंनी, शोभाबाईंनी, कपाळाला हात लावला होता. जन्मभर दुकानातल्या पोत्यांमागचे उंदीर मारले आणि म्हातारपणी एक विकत आणला, असं त्या चारचौघांत सांगत सुटल्या होत्या. प्रभाकरराव नुसते हसायचे आणि संध्याकाळी गोरसला मांडीवर घेऊन बसायचे. पुढे महिनाभरातच ते मागच्या खोलीत झोपेतच गेले. आचलपाशी आजोबांचं म्हणून जे काही उरलं, ते हे एवढंसं.

सुट्टीत ती मामाकडे कारंजाला गेली होती आणि आज संध्याकाळी परत येणार होती. जाताना तिनं आईकडून गळ्याची शपथ घेतली होती. गोरसला ऊन सोसत नाही, गरम झालं की तो मरतो, हे तिनं फाटकापर्यंत जाताना तीनदा बजावलं होतं.

आणि बाहेर तर मे महिना होता. भुतं रात्रीच निघतात असं म्हणणारी माणसं नालवाडीत मे महिन्याच्या दुपारी कधी राहिलेली नसावीत. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. घराघराच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आत भरदिवसा काळोख, आणि त्या काळोखात एकटा कूलर घरघरत असतो. त्याच्या आवाजाखाली घरात आणखी काय काय चाललंय ते ऐकू येत नाही, हे एक बरं असतं.

हर्षानं कपाटाखाली, फ्रीजमागे, गव्हाच्या कोठीमागे शोधलं. तेवढ्यात कोपऱ्यावरची डीपी फट्‌कन उडाली आणि लाईट गेली. कूलर थांबला. घर एकदम इतकं गप्प झालं की तिला स्वतःचाच श्वास मोठा वाटू लागला. तिनं धर्मेंद्रला दुकानावर फोन केला. दारं बंद ठेव, सापडेल, एवढं बोलून नवरा गिऱ्हाइकाकडे वळला. नवऱ्यांचं शोधणं असंच असतं. मग तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातली बाई सांगत होती, जमिनीवर पिठाचा पातळ थर पसरा, पावलं उमटली की प्राणी कुठं गेला ते कळतं. हर्षानं विचार केला नाही. डब्यातून परातभर कणीक काढली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून मागच्या खोलीपर्यंत, सगळ्या बोळातल्या फरशीवर भुरभुरली.

शोभाबाई पुढच्या खोलीत लवंडल्या होत्या. उकाड्यानं जाग आली तशा त्या बाहेर आल्या आणि बोळाच्या तोंडाशी थांबल्या. भिंतीला हात टेकून त्यांनी अगदी हळू विचारलं,

"कोन गेलं वो हर्षा?"

तेव्हा कुठं हर्षाच्या लक्षात आलं आपण काय केलंय ते. घरात पीठ पसरतात ते एकाच कामासाठी. तेरवीच्या आदल्या रात्री, माणूस जिथं गेला तिथं पीठ पसरून दिवा ठेवतात, वर टोपलं झाकतात आणि सकाळी बघतात. कधी चिमणीची पावलं असतात, कधी मुंगीची ओळ असते. गेलेला माणूस कोणत्या रूपात येऊन गेला ते त्यावरून ओळखायचं. प्रभाकररावांच्या वेळी सकाळी टोपलं उचललं तर पीठ होतं तसंच गुळगुळीत. शोभाबाईंनी ते मुकाट्यानं गोळा केलं, खोलीला कुलूप घातलं, आणि चाबी कंबरेला खोचली. तेव्हापासून त्या खोलीत कुणी गेलं नव्हतं.

"कोनी नाई, आई. गोरस सुटला. त्याची पावलं दिसतीन म्हून पसरलं."

शोभाबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त भीतीचं वाटलं. पीठ एकदा पसरलं की ज्याला यायचं तो येतो, आणि तो येऊन गेल्याशिवाय झाडू लावता येत नाही, एवढं त्यांनी सांगितलं. देवघरातून दिवा आणला, बोळाच्या कडेला लावला, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. हर्षाला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. दोघी सासवा-सुना स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिल्या. घामाच्या धारा लागल्या होत्या. पत्र्याची शेड उन्हानं मधूनच कडाडत होती. तापवलेल्या तेलाचा आणि कैरीचा आंबूस वास घरात साचून राहिला होता.

बऱ्याच वेळानं बोळातून काहीतरी फरशीवर खुडखुडत गेलं. मग आवाज थांबला.

हर्षा मोबाइलचा उजेड धरून पुढं झाली. पावलं होती. मोहरीचे दाणे दाबावेत इतकी बारीक, उंबऱ्यापासून भिंतीच्या कडेकडेनं गेलेली, मग वळून बोळाच्या मधोमध आलेली. आणि तिथं ती संपली होती. पुढं पीठ सपाट होतं. डावीकडे, उजवीकडेही सपाट. हॅमस्टरला काही पंख नसतात. हर्षानं उजेड वर छताला लावून पाहिला. तिथं बंद पंखा होता, दुसरं काही नव्हतं.

"उचलला त्याले," शोभाबाई मागून पुटपुटल्या.

"कोनं, आई...?"

त्या ऐकत होत्या. कुलूपबंद खोलीतून आवाज येत होता. टप... टप... ओल्या कपड्यातून पाणी गळावं तसा.

त्या आवाजाची भीती हर्षाला वाटलीच. पण त्याहून मोठी भीती तिच्या मनात दुसरीच होती. गोरस आत असेल तर त्या बंद खोलीत, या उन्हात, तो अजून किती तग धरणार? तिनं चाबी मागितली. शोभाबाईंचा हात कंबरेपाशी गेला आणि तिथंच राहिला.

"आचल आता येईन, आई. तिले काय सांगू मी? आजोबाचा गोरसही गेला म्हून सांगू?"

"मी भेतो वो," शोभाबाई म्हणाल्या. "ते आत असतीन म्हून नाई भेत. त्या सकाळी पिठावर काईच नव्हतं... आताही दार उघडलं अन् काईच नसन, तर मंग?"

हर्षानं सासूचा हात धरला. इतक्या वर्षांत तिनं तो असा कधी धरला नव्हता. शोभाबाईंनी डोळे मिटले, चाबी काढली आणि पिठावरूनच सरळ चालत जाऊन कुलूप उघडलं.

मे महिन्यात बंद राहिलेल्या खोलीचं दार उघडलं की झळ तोंडावर येते. इथं गारवा आला. गार, अंधारा, ओल्या वाळ्याच्या वासाचा गारवा. खिडकीतल्या जुन्या कूलरच्या वाळ्याच्या टट्ट्या भिजून काळ्या झाल्या होत्या आणि त्यांतून थेंब गळत होते. हर्षानं खाली वाकून टाकीत हात घातला. टाकी कोरडी ठणठणीत होती. तळाला खारट पाण्याचा वाळलेला पांढरा थर होता, त्याच्या खपल्या बोटाला लागल्या.

गोरस पलंगावर उशीशेजारी पाय पसरून पडला होता. शोभाबाईंनी पुढं होऊन त्याच्या पोटाखाली बोट घातलं. पोट गार होतं आणि भराभर हलत होतं. दाराखालच्या फटीतून घुसला असेल, असं हर्षानं स्वतःला सांगितलं. त्या उंच लोखंडी पलंगावर चढला कसा, ते मात्र तिला सांगता आलं नाही.

"जिवंत हाये," शोभाबाई म्हणाल्या आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणानं रडल्या. ज्याला उंदीर म्हणून हिणवलं, त्याला त्यांनी पदरात घेतलं.

दिवस कलला तरी त्या तिथून हलल्या नाहीत. घरात गार अशी तेवढीच एक खोली होती. मामानं आचलला फाटकाशी सोडलं, तशी ती धावतच आत आली. रिकामा पिंजरा पाहून तिचा चेहरा पडायच्या आत हर्षानं तिला मागच्या खोलीत नेलं. शोभाबाई पलंगाच्या एका कडेला अंग चोरून पडल्या होत्या, जवळजवळ अर्धा पलंग मोकळा सोडून. आचल त्या मोकळ्या बाजूनं चढायला गेली.

"तिकडून नोको, माय. इकडून ये."

आचल आजीच्या बाजूनं चढली. तिनं गोरसचे पापे घेतले, त्याला भरपूर रागावली, आणि मग मोकळ्या चादरीवर सोडलं. एरवी तो कोपरा गाठायला पळत सुटायचा. आज तो चार पावलं चालला आणि थांबला. त्यानं डोळे मिटले. त्याच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश दबत गेले, पुन्हा वर आले, पुन्हा दबत गेले.

"आजी, त्याले कोन..."

"हळू बोल. झोपून राह्यला तो."

शोभाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. हर्षा दारातच उभी राहिली. लाईट अजून आली नव्हती. कूलर बंद होता आणि खोलीत वाऱ्याचं नाव नव्हतं.