अर्ध्या ओठाचा शब्द

तिने लिहिलेली औषधांची चिठ्ठी पहिल्यांदाच परत आली, तीही समोरच्या औषधवाल्याच्या हातून. रस्ता ओलांडून तो धापा टाकत दातांच्या दवाखान्यात शिरला.

"डॉक्टर, ही चिठ्ठी घेऊन आलेले काका रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. त्यावर ही वेदनाशामक चालेल?"

तिने काकांना इतर औषधांबद्दल विचारलं होतं. ते "काही नाही" म्हणाले होते... दाताच्या डॉक्टरला हृदयाचं कशाला सांगायचं, असं त्यांना वाटलं असावं. तिने चिठ्ठीवरची गोळी लगेच बदलली.

"फोन करायचात ना."

"फोनवर लोक लगेच रागावतात. समोरासमोर जरा वेळ लावतात."

ती हसली. त्यानंतर तो रोज शंका घेऊन येऊ लागला.

"शंका कसल्या, बहाणे!" मदतनीस मावशी म्हणायच्या.

आणि मग आठवडाभर तो आलाच नाही. आठव्या दिवशी आला, तो गाल सुजवून.

"दाढ काढून टाका. एकदाची."

"काही औषध घेतलंत?"

"नाही."

तिने दिवा जवळ ओढला. दाढेलगत हिरडीवर पांढरा, सोललेला चट्टा होता. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी धरून ठेवली, की हिरडी अशीच भाजते. तिने आरसा खाली ठेवला.

"गिऱ्हाइकांना काय सांगता हो तुम्ही?"

"गोळी गिळायची... हिरडीवर ठेवायची नाही."

"आणि स्वतः?"

"चार दिवस ठेवली. गिळल्या त्या वेगळ्याच."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान..." मावशी पुटपुटल्या.

तिला राग आला. त्याहून जास्त भीती वाटली. त्याच्या शब्दावर विसंबून दाढ काढली असती, तर ॲस्पिरिनमुळे रक्त लवकर थांबलं नसतं.

"माझ्याशी खोटं का बोललात?"

तो छताकडे बघत राहिला. "किडकी दाढ... आणि तीही तुम्हालाच दाखवायची... लाज वाटली."

दुखणं माणूस परक्यापासून कमीच लपवतो, तिच्या मनात आलं. ज्याच्या नजरेत चांगलं राहायचं असतं, त्याच्यापासूनच जास्त.

"दाढ वाचेल," ती हळूच म्हणाली. "रूट कॅनाल करू. तीनदा यावं लागेल."

"तीनच?"

इंजेक्शनने अर्धा ओठ सुन्न झाला. काम संपल्यावर तो काहीतरी बोलला. शब्द वाकडेतिकडे पडले, पण कळायचे ते कळले. मावशींनाही कळले असावेत. त्या नको असलेला कापूस शोधायला आत गेल्या.

"सुन्नपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका, ओठ चावला जाईल," तिने बजावलं. "आणि आत्ता जे बोललात, ते ओठ जागा झाल्यावर सांगा. अर्ध्या ओठाचा शब्द मी धरत नाही."

संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या सुमारास तो दारात उभा राहिला.

"काही औषध घेतलंत?" तिने विचारलं.

"एक गोळी. तुम्ही लिहिलेली, जेवणानंतर. गिळली."

"आणखी काही सांगायचंय? खरं खरं."

"तुम्ही मला आवडता. फार."

शब्द स्वच्छ होते. ती उठली, रस्त्याकडच्या खिडकीपाशी गेली. समोर त्याचं दुकान दिसत होतं.

"तुमचं दुकान दिसावं म्हणून आठ दिवस हा पडदा मी ओढलाच नाही," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मीही... लपवतच होते."

मग तिने पडदा ओढला. आता तो उघडा ठेवायची गरज नव्हती.